नोहाची नोंद

शेजारच्या टेबलावरच्या रेश्मा मॅडमनी मोबाईलवरची बातमी मोठ्यानं वाचून दाखवली, तेव्हा अजिनाथ भिंगारदिवे एका जुन्या फायलीला नवं कव्हर लावत होता. बातमी दिल्लीच्या कोर्टाची होती. दक्षिणेतल्या कुणा बाईनं कारकुनाच्या नोकरीसाठी अनुसूचित जातीचा दाखला मागितला होता. पण तिचा लहानपणीच बाप्तिस्मा झालेला, चर्चला ती नेमानं जाणारी, म्हणून कोर्टानं तिला नाही म्हटलं होतं. श्रद्धा एकीकडे आणि नोकरीपुरता दाखला दुसरीकडे, ही राज्यघटनेशी फसवणूक आहे, असं निकालात होतं. फसवणूक हा शब्द मॅडमनी जरा थांबून वाचला. मुद्दाम नव्हे, त्यांना मोबाईलवरचं बारीक दिसत नसे म्हणून. मग त्यांनी बोट वर सरकवलं आणि पुढची बातमी कांद्याच्या भावाची निघाली. सगळे कांद्यावर बोलू लागले. अजिनाथनं फायलीची नाडी आवळली, गाठ मारली. गाठ बसली, पण बोटं तिथंच राहिली. डाव्या मनगटाभोवती कुणीतरी हात आवळून धरल्यासारखं त्याला वाटलं. तो हात कुणाचा हे त्याला ठाऊक होतं. तेवीस वर्षं तो या कार्यालयात होता. इथं त्याला कुणी भिंगारदिवे म्हणत, कुणी भाऊसाहेब. त्याचं आणखी एक नाव आहे हे इथं कुणालाही माहीत नव्हतं.

ते नाव जस्टिन. शेवगावच्या पूर्वेला, गोदावरीच्या बाजूच्या एका कोरड्या गावात वस्तीवरच्या पत्र्याच्या चर्चमध्ये पाळकांनी त्याच्या कपाळाला पाणी लावून ते ठेवलं होतं. सहा वर्षांचा होईतो त्याला दुसरं नावच नव्हतं. त्या जूनमध्ये बा त्याला शाळेत घेऊन गेला. बाचीही दोन नावं होती, गावात कारभारी आणि चर्चमध्ये यशया. पण ती दोन्ही नावं बा अंगरखा बदलावा तशी सहज बदलायचा. गुरुजींनी टाक शाईत बुडवून विचारलं, मुलाचं नाव? बा म्हणाला, अजिनाथ. पोरानं वर पाहिलं. शाळेत आणखी कुणी पोरगा आलाय असं वाटून मागंही पाहिलं. मागं कुणी नव्हतं. धर्म? हिंदू. जात? बानं जात सांगितली. पोरगा म्हणाला, "बा, माझं नाव जस्टिन हाय." आणि तेव्हाच बानं त्याचं मनगट धरलं. मारलं नाही, रागावला नाही, नुसतं धरलं आणि गुरुजींचं लिहून होईतो आवळत गेला. गुरुजींनी ऐकलं असणार. ते मान न उचलता लिहीत राहिले. परतताना पांदीच्या वाटेत बा एका बाभळीखाली उकिडवा बसला आणि बराच वेळ जमिनीकडं बघत राहिला. पुढं कितीतरी वर्षांनी अजिनाथला वाटलं, की त्या दिवशी बा कदाचित प्रार्थना करत असेल. कदाचित नुसता दमलेला असेल.

बानं तसं का केलं ते घरात कधी कुणी सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. थोरला नोहा त्याच्याहून पाच वर्षांनी मोठा. तो शाळेत गेला तेव्हा बानं खरं तेच सांगितलं होतं, नाव नोहा, धर्म ख्रिश्चन. गावची शाळा चौथीपर्यंत. नोहा चौथीत पहिला आला. त्याला पाचवीला घालण्यासाठी बा शेवगावच्या सरकारी वसतिगृहात घेऊन गेला. तिथल्या माणसानं दाखला वाचला आणि परत दिला. ही जागा अनुसूचित जातीच्या मुलांची, तुम्ही ख्रिस्ती, तुम्हाला जात नाही, असं त्यानं सांगितलं. बा म्हणाला, गावात जाऊन विचारा जात हाय का न्हाई. तो माणूस वाईट नव्हता. त्यानं बापलेकांना चहा दिला. तो बशीतला चहा नोहा पुढं कितीदा तरी आठवून सांगायचा, त्यात आलं होतं म्हणायचा. नोहा मग दोन वर्षं सहा किलोमीटरवरच्या शाळेत पायी गेला आणि सातवीत एका गवंड्याच्या हाताखाली विटा द्यायला लागला. धाकट्याला पाचवीला त्याच वसतिगृहात खाट मिळाली. खिडकीजवळची. तिथं तो सहा वर्षं झोपला, शिकला, नगरला कॉलेजात गेला, नोकरीला लागला. लागताना जातीचा दाखला चालला. पडताळणीचा प्रस्ताव पाठवलेला होता, तो कुठल्यातरी कपाटात पडून राहिला आणि अजिनाथनंही त्याला कधी हलवलं नाही.

आता तो विषय हलला होता. मुलगी दिशा बारावीला होती, तिला डॉक्टर व्हायचं होतं, आणि प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागणार म्हणून कॉलेजातूनच अर्ज गेला होता. दिशाचा अर्ज म्हणजे बापाचे कागद. बातमी वाचली गेली त्यानंतर वीसेक दिवसांत समितीचं पत्र आलं. त्यात सरळ लिहिलं होतं, की अर्जदाराच्या वडिलांच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये धर्म हिंदू आहे, आणि त्याच रजिस्टरमध्ये पाच वर्षं आधी सख्ख्या चुलत्याचा धर्म ख्रिश्चन आहे. याचा खुलासा करावा. पत्रावर जिल्ह्याचं नवीन नाव छापलेलं होतं. खालचा शिक्का जुन्याच नावाचा होता. अजिनाथनं पत्र तीनदा वाचलं. एका रजिस्टरात दोघं भाऊ, मध्ये पाच वर्षांची पानं. इतकी वर्षं ती दोन पानं एकत्र मिटून शाळेच्या कपाटात होती आणि दोघांपैकी कुणालाही त्याची फिकीर नव्हती. आता कुणीतरी बोटाला थुंकी लावून ती उलटली होती.

चौकशीला पोलीस खात्याचे एक साहेब गावात जाऊन आले. त्याच दुपारी गोरक्षचा फोन आला. गोरक्ष अजिनाथच्या वर्गातला, चाळीस एकराचा धनी, वस्तीला लागून त्याचा ऊस. साहेब त्याच्याच ओट्यावर बसले होते. तो खुशीत होता. "मी चांगलं सांगितलं बघ," तो म्हणाला. "म्हनलं, किरिस्ताव-बिरिस्ताव काय न्हाई साहेब, म्हारच हायेत. आजून आमच्यात त्यांच्या घरचं पानी चालत न्हाई. साहेबांनी लिहून घेतलं. म्हनले, हे महत्त्वाचं हाय." अजिनाथ कार्यालयाच्या जिन्यात उभा होता. वरून कुणीतरी उतरत होतं, त्याला वाट द्यायला तो भिंतीला टेकला. तिसरीत असताना कॅनॉलच्या कडेला बसून गोरक्ष त्याच्या फडक्यातली भाकरी खायचा. मिरचीचा ठेचा त्याला फार आवडायचा. खाऊन झालं की कॅनॉलच्या पाण्यानं तोंड धुवायचा, दात बोटानं घासायचा, आणि तोंड उघडून विचारायचा, वास येतोय का? अजिनाथ वाकून वास घ्यायचा आणि सांगायचा, नाही येत. मग गोरक्ष घरी जायचा. हे सगळं अजिनाथला त्या जिन्यात एकदम, ठेच्याच्या वासासकट आठवलं. फोनवर तो म्हणाला, "लई उपकार झाले." आणि उपकार झालेच होते, हे त्याला कळत होतं. गोरक्षनं जे सांगितलं ते खरं होतं, आणि त्याच्यासाठी आजवर कुणी दिलेल्या जबाबांत तेच सगळ्यांत उपयोगी होतं.

वकिलानं चार गोष्टी सांगितल्या. सुनावणी होईतो चर्चला जायचं नाही. मोबाईलवरचे नाताळचे फोटो काढून टाकायचे. घरात भिंतीवर काही असेल तर उतरवून ठेवायचं. आणि भावाचं प्रतिज्ञापत्र आणायचं, की त्याची नोंद चुकीनं झाली. पहिल्या तीन गोष्टी त्यानं घरी येऊन मोनिकाला सांगितल्या. मोनिका त्याची बायको. तिचे वडील मिशनच्या शाळेत शिक्षक, तिच्या कागदांवर सगळीकडं ख्रिश्चनच. तिनं भिंतीवरचा लाकडी क्रूस काढला, फडक्यात गुंडाळला, साड्यांच्या खाली ठेवला. रविवारी ती एकटी तयार झाली, एकटी गेली. तो गॅलरीत उभा राहून तिची स्कूटर वळणापर्यंत बघत राहिला. दुसऱ्या रविवारी, तिसऱ्या रविवारीही. लोक विचारतात तेव्हा काय सांगतेस, असं त्यानं एकदा विचारलं. ती म्हणाली, तुझी तब्येत बरी नाही असं सांगते. मग थोड्या वेळानं म्हणाली, की ते सांगताना खोटं बोलल्यासारखं वाटत नाही. दिशानं एका संध्याकाळी पुस्तकातून डोकं काढून सांगितलं, की पप्पा, मला त्या जागेतूनच पाहिजे असं नाही, मी खुल्यातून बघते, नाहीतर दुसरं काही करते. तिच्या आवाजात उदारपणा होता आणि तो त्याला सहन झाला नाही. तिला वाटत होतं प्रश्न तिच्या प्रवेशाचा आहे. पत्राच्या शेवटच्या ओळीत काय आहे ते तिनं वाचलं नव्हतं. दाखला रद्द झाला तर त्या आधारे मिळालेले सर्व लाभ काढून घेण्यात येतील. सर्व लाभ. खिडकीजवळची खाट, कॉलेज, तेवीस वर्षं, हे घर, ज्या टेबलावर ती अभ्यास करत होती ते टेबल. तो तिच्यावर ओरडला, अभ्यास कर म्हणाला. मग स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायला.

जानेवारीच्या अखेरीस तो शेवगावला गेला. बाजार समितीच्या मागं एका बंगल्याचं प्लॅस्टर चाललं होतं. नोहा परातीत माल कालवत होता. भावाला बघून त्यानं थापी बाजूला ठेवली, पिंपातल्या पाण्यानं कोपरापर्यंत हात धुतले आणि डब्यातली अर्धी भाकरी त्याच्यापुढं केली. जेवण होईपर्यंत अजिनाथनं विषय काढला नाही. मग कागद दिला. नोहाला वाचता येत होतं, बोट ठेवून, सावकाश. माझ्या शाळेच्या नोंदीत धर्म ख्रिश्चन असा जो उल्लेख आहे तो वडिलांच्या अज्ञानामुळे व चुकीने झालेला आहे. आमचे कुटुंबात कधीही धर्मांतर झालेले नाही. त्याचं बोट चुकीने या शब्दावर थांबलं. नखात सिमेंट होतं. त्यानं विचारलं, चूक बाची का गुरुजीची? अजिनाथ म्हणाला, कुणाचीच नाही, तसं लिहायची पद्धत असते. नोहानं मान हलवली. त्याला पद्धत कळत होती. त्यानं कागदाची घडी घातली, परत उघडली.

"सही करतो," तो म्हणाला. "पोरीचं हाय, का न्हाई करायचं. पन एक इचारतो. मला हॉस्टेलात घेतलं न्हाई ते किरिस्ताव म्हनून. गोरक्षच्या घरात घेत न्हाईत ते म्हार म्हनून. आता मी लिहून देतो, की पह्यलं चुकीचं हुतं. म्हंजी त्या हॉस्टेलात माझी खाट हुती."

वाळूच्या ढिगावर एक मांजर झोपलेलं होतं, अजिनाथ त्याकडं बघत राहिला.

"हुती ना?" नोहानं पुन्हा विचारलं. रागानं नाही. एखादं माप दुसऱ्यांदा घेऊन बघावं तसं.

"होती," अजिनाथ म्हणाला.

ते दोघं स्कूटरवर तहसीलला गेले. झाडाखालच्या टेबलावर नोहानं सही केली, आणि सवयीनं नोहा यशया असं लिहून बसला. कागदावर बाचं नाव कारभारी होतं. नोटरी म्हणाला, हे चालणार नाही. नवा स्टॅम्प आणावा लागला, मजकूर पुन्हा टाईप करावा लागला. तोवर नोहा बाकावर बसून पहिल्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेननं नोहा कारभारी, नोहा कारभारी असं लिहून बघत होता. चार वेळा लिहिलं. परत चूक नको म्हणून, असं त्यानं हसून सांगितलं. तो हसला हे अजिनाथला नगरपर्यंतच्या रस्त्यात सारखं आठवत राहिलं. त्यापेक्षा त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर रस्ता लवकर संपला असता.

सुनावणी फेब्रुवारीत झाली. लांबट खोली, तीन अधिकारी, मधोमध पाण्याच्या बाटल्या. मधल्या बाईंचा आवाज मऊ होता. त्यांनी गोरक्षचा जबाब वाचून दाखवला. त्यांच्या घरचे पाणी आमच्यात चालत नाही, हे वाक्य त्यांनी वाचलं, आणि डावीकडच्या साहेबांनी त्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढली. मग प्रश्न सुरू झाले. कोणता धर्म मानता? अजिनाथ म्हणाला, हिंदू. शब्द नीट आला. इतका सहज आला की त्याचं त्यालाच भ्यायला झालं. सहाव्या वर्षापासून तो शब्द तोंडात होता, दातांसारखा. चर्चमध्ये जाता? पत्नीला सोडायला जातो. वडील वारले तेव्हा अंत्यविधी कसा केला? पुरलं, तो म्हणाला. का, जाळलं का नाही? वकिलानं याचं उत्तर आधीच शिकवून ठेवलं होतं, आमच्या समाजात पूर्वीपासून पुरण्याचीही रीत आहे. तेही त्यानं सांगितलं. मग बाईंनी कागदावरून नजर उचलून विचारलं, "त्या जागेवर काही बांधलंय? दगड, नाव, काही चिन्ह?"

बा जाऊन अठरा वर्षं झाली होती. चर्चच्या मागं, कडेच्या निवडुंगाजवळ त्याला पुरलं होतं. नोहानं तेव्हा लाकडाचा क्रूस लावला होता, त्याला दुसऱ्याच पावसाळ्यात वाळवी लागली. यंदा दगड बसवू, असं अजिनाथ दर वर्षी म्हणायचा. नोहा म्हणायचा, मी घडवतो, तू नुसतं नाव काय लिहायचं ते सांग. आणि ते ठरत नव्हतं. यशया लिहायचं की कारभारी, यावर दोघं भाऊ येऊन थांबत, आणि दगड पुढच्या वर्षावर जाई. दर नाताळाला त्या बोडक्या मातीपुढं उभं राहताना अजिनाथला लाज वाटायची. बायकोमुलीसमोर वाटायची. आता ती बोडकी माती त्या लांबट खोलीत आली आणि त्याच्या बाजूनं उभी राहिली.

"नाही," तो म्हणाला. "काहीच नाही." पुरलं, आणि हे. त्या दिवसभरात तो एवढंच खरं बोलला होता.

मार्चच्या शेवटी आदेश आला. सात पानांचा. दावा वैध. गावात सदर कुटुंबास आजही अनुसूचित जातीचीच वागणूक मिळते हे शेजाऱ्यांच्या जबाबावरून सिद्ध होते; चुलत्याच्या नोंदीबाबत त्यांनी स्वतः शपथेवर खुलासा केलेला आहे. मोनिकानं आदेश वाचला, डोळ्यांना पदर लावला, देवाचे आभार मानले आणि कपाटाकडं गेली. साड्यांखालून ते फडकं काढून ती हातात घेऊन थोडी उभी राहिली. मग परत ठेवलं. म्हणाली, अजून थोडे दिवस जाऊ देत. दिशानं विचारलं, झालं? तो म्हणाला, झालं. तिनं मान डोलावली आणि अर्धवट राहिलेलं गणित पुढं सोडवायला घेतलं. तिच्या पेनाचा आवाज त्याला बाहेरच्या खोलीत ऐकू येत होता. आनंद व्हायला हवा होता. तो वाट बघत बसला, जसं पायाला मुंग्या आल्या की रक्त परत यायची वाट बघतात.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी तो गावी गेला. नोहाला स्वतः सांगावं असं त्याला वाटत होतं. उन्हानं वस्ती पांढरी पडली होती. नोहा दाढी करून, धुतलेला सदरा घालून दारात बसला होता. आदेशाचा विषय निघाल्यावर त्यानं माझ्याबद्दल काय लिहिलंय ते वाच म्हणून सांगितलं. अजिनाथनं ते वाक्य वाचलं. नोहानं ते आणखी एकदा वाचायला लावलं. मग बरं झालं म्हणाला, पोरीला माझा आशीर्वाद सांग म्हणाला, आणि उठून चर्चकडं चालू लागला. अजिनाथ चार महिन्यांनी आत शिरत होता. आत पंचवीस-तीस माणसं, पत्रा तापलेला, एकच पंखा. नोहाची जागा बाच्या वेळेपासून पुढच्या सतरंजीवर. पाळकांसाठी पाण्याचा तांब्या तोच ठेवायचा. आज तो दाराशी, जिथं चपला काढतात तिथं बसला. पुढच्या एक-दोघांनी वळून हातानं बोलावलं. इथं वारा येतोय, असं त्यानं सांगितलं. अजिनाथ त्याच्या शेजारी टेकला. गीत झालं, नोहानं म्हटलं नाही. प्रवचन झालं. मग महिन्यातला पहिला रविवार म्हणून प्रभुभोजन होतं. पावाचे चौकोनी बारीक तुकडे केलेली स्टीलची ताटली पुढच्या रांगेपासून हातोहात मागं येऊ लागली. ज्याच्या त्याच्या हातात ती क्षणभर थांबे, एक तुकडा कमी होई, पुढं जाई.

ती नोहापर्यंत आली. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली, कडेला अंगठे ठेवून. त्याच्या नखांतलं सिमेंट आज घासून काढलेलं होतं. त्यानं ताटलीत पाहिलं, आणि तशीच, काही न घेता, ती अजिनाथपुढं धरली.

"घे की," अजिनाथ हळू आवाजात म्हणाला. "घे ना, नोहा."

"मी लिहून दिलंय," नोहा म्हणाला.

ताटली अजिनाथच्या हातात आली. पाळक समोरून बघत होते, आणि त्यांच्यामागं भिंतीवर काहीच नव्हतं, नुसता चुना. त्याला वाटलं, आपणही ती तशीच पुढं द्यावी. त्याला खरंच तसं वाटलं. पण तोवर बोटांनी तुकडा उचलला होता, नेहमीसारखा, कडेचा, आणि तो त्याच्या तोंडात गेला होता. कोरडा होता. टाळूला चिकटून बसला. शेजारी नोहा मान खाली घालून, दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून बसला होता, आणि अजिनाथ तो तुकडा जिभेनं सोडवत राहिला, आवाज होणार नाही इतक्या हळू.